सही आली, वाचन राहिलं!

मैत्रिणींनो, आज एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. खरं म्हणजे माझ्या चुकीची.

१९९२-९३ चा सुमार असेल. लग्न होऊन मी या तालुक्याच्या गावी नुकतीच आले होते. तेव्हा सगळीकडे संपूर्ण साक्षरता अभियानाचं वारं होतं. भिंतींवर घोषणा, सकाळी प्रभातफेऱ्या, चौकात पथनाट्यं. सासूबाई म्हणाल्या, "बी.ए. झालीयेस ना? मग शिकव की चार जणींना!" झालं. रात्रीची जेवणं उरकली की आमच्या पडवीत वर्ग भरायला लागला. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे येऊन बसल्या. हातात पाटी, पदर खोचलेला. सहा महिन्यांत त्या सही करायला शिकल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले. "आता अंगठा न्हाई लावायची म्या," असं म्हणाल्या होत्या. मलाही कोण अभिमान वाटला होता!

पुढे वर्ग बंद पडला. मुलं झाली, संसार वाढला. वर्गाची आठवण फोटोपुरती उरली.

आणि तीनेक वर्षांपूर्वी मावशी एक कागद घेऊन आल्या. ट्रंकेत खाली जपून ठेवलेला, घड्यांवर फाटायला आलेला. "वैनी, ह्यो कागद कशाचा हाय, बगा जरा." मी वाचला आणि गप्पच बसले. ते हक्कसोडपत्र होतं. वडील वारल्यानंतर भावांनी त्यांना कचेरीत नेलं होतं. "वारसाची नोंद करायची हाय," एवढंच सांगितलं होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण सोडून दिला, हे मावशींना त्या दिवशी माझ्या पडवीत कळलं.

त्यांनी भावांना बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "तितला मानूस अंगठा घ्याया निघाला हुता. म्या म्हनलं, मला सही येती. ऐटीत केली बगा सही."

रात्रभर मला झोप आली नाही. ती सही मी शिकवली होती.

आम्ही मोजलं काय?

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. कायदा बाईच्या बाजूने आला, पण कायद्याचा कागद वाचण्याची ताकद तिच्याकडे आलीच नाही. आली फक्त सही.

असं का झालं? तेव्हा आम्ही एकमेकींना म्हणायचो, "या बायकांच्या डोक्यात राहत नाही गं. आज शिकवलं की उद्या विसरतात." किती सोपं होतं असं म्हणणं! पण कागद पाहिल्यावर मनात आलं, विसरल्या त्या की शिकवायला चुकलो आम्ही? माझी लेक मानसशास्त्र शिकलेली. तिच्याजवळ हे बोलले, तर तिने इंटरनेटवरून दोन-चार अभ्यास छापून आणून दिले. म्हणाली, "आई, मोठ्या माणसांना वाचायला कसं शिकवावं यावर चिक्कार संशोधन झालंय. वाच जरा." शब्दकोश जवळ घेऊन मी ते वाचत बसले. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण अशा मावशी तुमच्याही घरी, तुमच्याही गल्लीत आहेतच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ७६ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. म्हणजे चारांतली जवळजवळ एक नव्हती. आणि साक्षर म्हणून मोजलेल्यांत नुसत्या सहीवाल्या किती, ते कोण सांगणार?

गंमत पाहा. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हा साक्षर कोणाला म्हणायचं याचे चांगले नियम केले होते. साधा उतारा मोठ्याने मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने वाचता आला पाहिजे, मनातल्या मनात ३५ शब्दांनी, पाहून लिहिताना मिनिटाला ७ शब्द आणि ऐकून लिहिताना ५. कागदावर सगळं होतं. पण माझ्या वर्गात मी कधी घड्याळ लावून बसलेच नाही. मी सह्या मोजल्या.

बारा सेकंदांचा खेळ

वेगाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सावकाश का होईना, वाचलं म्हणजे झालं! मलाही तसंच वाटायचं. जागतिक बँकेत काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास मांडला आहे. नुकतंच वाचलेलं आपलं मन थोडाच वेळ, साधारण बारा सेकंद, धरून ठेवतं. तेवढ्यात वाक्य पुरं झालं तर अर्थ लागतो. एकेक अक्षर जुळवत बसलं, तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटून जाते. म्हणून अर्थ कळायचा तर मिनिटाला निदान ४५ ते ६० शब्द वाचता यायला हवेत, असं त्या सांगतात. म्हणजे आमचा ३० शब्दांचा नियमही तसा अपुराच.

एस.टी. स्टँडवर उभ्या असलेल्या बाईचं उदाहरण घ्या. गाडीची पाटी ती वाचते आहे, "को... रे... गा..." आणि गाडी निघून गेली! ही बाई अडाणी नाही. तिला अक्षरं येतात. पण तिचं वाचन गाडीच्या वेगाचं नाही. मग ती काय करते? शेजारच्याला विचारते. दहा वेळा विचारलं की अकराव्यांदा वाचायचा प्रयत्नच सोडून देते. वापर थांबला की होती नव्हती ती अक्षरंही जातात. आमच्या मावशींचं नेमकं हेच झालं होतं. आम्ही त्यांना अर्ध्या वाटेवर सोडलं आणि वर म्हणालो, "विसरल्या!"

अभियानातल्या तीन प्रवेशिका मिळून साधारण २०० तासांत पुऱ्या व्हाव्यात, असा हिशोब होता. आपलं पोर पहिली-दुसरीत शाळेत किती तास घालवतं, ते आठवा. शिवाय घरी अभ्यास, पाट्या, पुस्तकं. दिवसभर राबलेल्या बाईला त्याच्या एका तुकड्यात सगळं यायला हवं, ही अपेक्षा आमची!

वय आडवं येतं का?

"आता या वयात काय डोक्यात शिरनार?" हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. त्याला उत्तर आहे, आणि ते आपल्या देशातल्याच बायकांनी दिलंय. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यातही बहुतेक तिशीच्या आसपासच्या स्त्रियांना, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि शिकण्याआधी व शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत त्या पहिलीच्या मुलाइतकं वाचू लागल्या होत्या. मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेलं पुढे पोचवणाऱ्या खोलवरच्या जुन्या भागांतही बदल दिसले. म्हणजे मोठेपणी शिकायला मेंदूची ना नाही. आपलं शिकवणं त्याला पेलेल असं हवं.

पण वयाची एक गोष्ट मात्र खरोखर आडवी येते, आणि ती डोक्यात नसते, डोळ्यांत असते. चाळिशी! जवळचं दिसत नाही म्हणून बाई अडखळते आणि आपण समजतो तिला येत नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिला. ज्यांना चष्मा मिळाला नव्हता, त्यांच्यापेक्षा चष्मेवाल्यांनी खुडलेल्या पानांचं वजन सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. हा अभ्यास २०१८ चा. पानं खुडताना एवढा फरक, तर अक्षरं ओळखताना किती पडत असेल! माझ्या नव्या वर्गात मी पहिला दिवस पाटीला नाही, चष्म्याला दिला. मावशींनी चष्मा लावून पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्या अक्षराला खाली शेपूट बी हाय व्हय!"

आपली लिपी आणि आपला हिशेब

नवा वर्ग म्हणाले ना? तेही सांगते. २०२२ पासून केंद्राचा 'उल्लास - नव भारत साक्षरता कार्यक्रम' सुरू आहे. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही त्यात शिकता येतं आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात. शेवटी १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. आपल्या राज्यात मार्च २०२४ मध्ये ती झाली, तेव्हा नातवांनी आज्यांना परीक्षेला सोडायला आणलेलं तुम्हीही पाहिलं असेल. मीही नाव दिलं. पडवी तीच, मावशीही त्याच. शिकवणं मात्र बदलायचं ठरवलं.

पहिली गोष्ट लिपीची. कर्नाटकात सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. २००७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की आपल्याकडच्या लिप्या शिकायला इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. तिसरी-चौथीपर्यंत मुलं नवी अक्षरं शिकतच असतात. कारण उघड आहे. नुसती मुळाक्षरं येऊन भागत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, वर जोडाक्षरं. 'कि' मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर! 'र' तर बहुरूपीच. 'सर्व'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाशी. आपल्याला सवय झालीय म्हणून कळत नाही. पूर्वी मी चित्र दाखवून अख्खा शब्द पाठ करून घ्यायचे आणि पुढचं आपोआप येईल म्हणायचे. आता एका वेळी एकच मात्रा घेते. ती दहा शब्दांत फिरवते. घ-ध, भ-म, थ-य अशी एकसारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी शिकवत नाही. आणि फळ्यावर मोठं, सुटं लिहिते. नव्या डोळ्याला गिचमिड पेलत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जीन लेव्ह या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसांचा पाठपुरावा केला. दुकानात कोणतं स्वस्त, कोणतं महाग हे हिशेब त्यांचे ९८ टक्के बरोबर यायचे. तीच माणसं कागदावरच्या गणिताला बसली की ५९ टक्क्यांवर यायची! आपल्या भाजीवाल्या मावशींना पाहिलंत तर वेगळं काय? अडीच किलोचे पैसे त्या तोंडावर सांगतात आणि पाटीवर 'वजाबाकी' शब्द आला की घाबरतात. म्हणून मी आता उलटी सुरुवात करते. आधी त्यांनी तोंडी हिशेब करून दाखवायचा, 'कसा केलात' ते सांगायचं आणि मग तोच आम्ही सगळ्या मिळून पाटीवर लिहायचा. "आरं, ह्ये तर मला येतच हुतं!" हे वाक्य ऐकण्यासारखं दुसरं सुख नाही.

नुसता वर्ग पुरत नाही

तिसरी गोष्ट जरा कडू आहे, पण सांगायलाच हवी. बिहार आणि राजस्थानमधल्या ४८० गावांत एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावांची वाटणी केली. काही ठिकाणी आयांसाठी साक्षरता वर्ग, काही ठिकाणी मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा हे घरोघर जाऊन दाखवणं, काही ठिकाणी दोन्ही, आणि काही ठिकाणी काहीच नाही. 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. आया शिकल्या, त्यांच्या मुलांचं गणितही थोडं सुधारलं. जिथे दोन्ही होतं, तिथे सगळ्यात जास्त. पण फरक लहानच होता. एका वर्षाच्या वर्गाने चमत्कार होत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आमच्या अभियानात कोणी असं खरं सांगितलं असतं, तर वर्ग मध्येच बंद करताना आम्ही दहादा विचार केला असता.

मग लहान फरक मोठा कसा करायचा? रोजच्या वापराने. आफ्रिकेतल्या नायजर देशात ११३ गावांत प्रौढांचे वर्ग चालवले. निम्म्या ठिकाणी साधा मोबाइल कसा वापरायचा, संदेश कसा वाचायचा-लिहायचा, तेही शिकवलं. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षात मोबाइलवाल्या गावांतल्या माणसांना गुण स्पष्टपणे जास्त होते. कारण वर्ग संपला तरी त्यांचं वाचन संपत नव्हतं! आमच्या बचत गटाचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. त्यात बोलून निरोप टाकायला आता बंदी आहे. हप्ता भरला तर 'भरला' असं लिहायचं. चुकलं तरी चालेल. सुरुवातीला 'भरल', 'बरला', 'भला' असं काहीही यायचं. हसून हसून पुरेवाट! पण लिहायला लागल्या.

माझी वही

हे सगळं वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, दुसऱ्यांचं संशोधन वाचलंस. आता आपल्या वर्गातलं लिही." म्हणून मी एक साधी दोनशे पानी वही घातली. दर शनिवारी प्रत्येकीला एकेकटीला बाजूला घ्यायचं, न पाहिलेला चार ओळींचा मजकूर द्यायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट ऐकायचं. किती शब्द वाचले, कुठे अडखळली, एवढंच टिपायचं. परीक्षा नाही, ओरडा नाही.

पहिल्याच महिन्यात वहीने माझाच कान धरला. सगळ्यांनी मिळून एका सुरात धडा म्हणायचा, हा माझा लाडका प्रकार. वर्ग कसा घुमायचा! पण वहीत दिसलं की सुरात सुरेख म्हणणाऱ्या जणी एकेकटीने तोच धडा वाचताना अडत होत्या. त्या वाचत नव्हत्या, शेजारणीमागून म्हणत होत्या. त्या दिवसापासून सामूहिक वाचन कमी केलं आणि दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. एकीने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून बघायचं. आठवड्यातून दोन लांबलचक तासांऐवजी रोज अर्धा तास ठेवला, कारण थोडं थोडं पण रोज केलेलं जास्त टिकतं, हे सव्वाशे वर्षांहून जुन्या संशोधनापासून सिद्ध होत आलंय. आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीबद्दल सांगायच्या ना, रोज हलवा, एकदम घुसळू नका. तसंच!

तुमच्या ओळखीत असा वर्ग चालत असेल किंवा घरातल्याच कोणाला तुम्ही शिकवत असाल, तर चार गोष्टी जरूर करा. पहिल्यांदा डोळे तपासून घ्या. तिला काय वाचायचंय ते विचारा, पोथी, रेशनकार्ड, नातवाचं प्रगतीपुस्तक, काहीही असो, आणि तिथून सुरुवात करा. सही आली म्हणून थांबू नका. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून ऐका, टिपून ठेवा आणि प्रगती दिसली नाही तर तिला बोल लावण्याआधी आपली पद्धत बदलून बघा. यासाठी डिग्री लागत नाही. वही आणि पेन लागतं.

मावशी अजून मिनिटाला ४५ शब्द वाचत नाहीत. पण थांबल्याही नाहीत. मी सुरुवातीला त्यांनाही विचारलं होतं, काय वाचायचंय? त्यांनी काही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. पिशवीतून तोच घडीचा कागद काढला. "वैनी, आज तुमी नका वाचू. म्या वाचती."

चष्मा लावला. जोडाक्षरं त्यांनी मलाच विचारली. बाकीचं बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेल्या. एका जागी बोट थांबलं. "रा... जी... खु... शी... ने. राजीखुशीने." पुन्हा एकदा वाचलं. चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं.

"राजीखुशीने? मला इचारलं कुनी हुतं, वैनी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदाचं पुढे काय होईल, ते वकील सांगतील. आम्ही दोघी जाणार आहोत त्यांच्याकडे. पण वीस वर्षं ट्रंकेत पडून राहिलेला तो प्रश्न मावशींनी स्वतः वाचून विचारला. तीस वर्षांपूर्वी पेढे वाटले, तेव्हा त्या साक्षर झाल्या असं मी समजले होते. खरं तर त्या आत्ता व्हायला लागल्यात.